पिवळे पान, जनुकांचे विज्ञान आणि आपला हक्क

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर महिन्यात एक शेतकरी आपल्या पत्नीसह माझ्याकडे आला. दोन एकर धानाची शेती, आपल्याच समाजातला माणूस. प्लास्टिकच्या पिशवीत त्याने धानाची पाने आणली होती. टोकापासून पिवळी पडलेली, काही पार वाळलेली. "वकीलसाहेब, बियाणं खोटं निघालं, केस टाका," एवढेच त्याचे म्हणणे होते. बियाण्याचे बिल नव्हते. बियाण्याची थैली पावसाळ्यात कुठेतरी गेलेली. पंचनामा झालेला नव्हता. मी विचारले, पाने कधीपासून पिवळी पडली? तो अडखळला. त्याच्या पत्नीने मात्र लगेच उत्तर दिले. "आधी खालची पानं गेली, मग वरची. नहराजवळच्या बांधीतलं धान अजून हिरवं आहे. बी एकच होतं."

ती केस उभी राहिली नाही. पण त्या माऊलीचे ते उत्तर माझ्या मनातून गेले नाही. तिने तीन वाक्यांत जे सांगितले, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला नव्हता. बी एकच, मालक एकच, मग एका बांधीतले पान हिरवे आणि दुसऱ्या बांधीतले पिवळे का? वनस्पतिशास्त्रज्ञ गेली अनेक वर्षे नेमका हाच प्रश्न प्रयोगशाळेत सोडवीत आहेत. त्याचे उत्तर भंडाऱ्याच्या धान उत्पादकालाच नव्हे, तर चळवळीच्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे, असे माझे मत आहे.

चळवळीच्या वृत्तपत्रात धानाच्या पानाचे काय काम, असे कोणी विचारील. त्यांना मी एवढेच सांगेन की, बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर प्रबंध लिहिला, तेव्हा त्यांना शेती हा परका विषय वाटला नव्हता. याच भंडाऱ्यातून त्यांनी १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक लढविली. हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा आहे. आपली माणसे येथे एक-दोन एकरांचे धनी आहेत, नाहीतर रोवणी-कापणीचे मजूर आहेत. पान वेळेआधी पिवळे पडले, तर आधी यांचीच चूल विझते.

आपल्याकडे पान पिवळे पडले की तीन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर नशिबाचे. दुसरे नजर लागल्याचे. तिसरे उत्तर दुकानात मिळते, तेही बाटलीत भरून. पहिल्या दोन उत्तरांत कोणीच जबाबदार नसतो आणि तिसऱ्या उत्तरात शेतकऱ्याचा खिसा रिकामा होतो. पान का पिवळे पडले, हे मात्र तिघांपैकी कोणीही सांगत नाही.

विज्ञान काय सांगते ते पाहू.

पान म्हातारे होते म्हणजे ते नुसते कुजते असे नव्हे. पानातील नत्राचा मोठा भाग हरितलवकांतील प्रथिनांमध्ये साठविलेला असतो. दाणा भरण्याची वेळ आली की झाड ही प्रथिने मोडते, त्यांतील नत्र व इतर द्रव्ये पानातून काढते आणि लोंबीकडे पाठवते. या कामात हरितद्रव्यही मोडले जाते. हिरवा रंग गेला की पानात आधीपासून असलेला पिवळा रंग दिसू लागतो. म्हणजे पिवळे पान हे रिकामे होत असलेले कोठार आहे. नत्र असे एका पानातून दुसरीकडे हलू शकते, म्हणून त्याची टंचाई झाली की झाड आधी खालची, जुनी पाने रिकामी करून वरच्या पानांना जगवते. लोह मात्र सहज हलत नाही. म्हणून लोह कमी पडले तर कोवळे पान आधी पिवळे पडते. "आधी खालची पानं गेली" या वाक्यात किती माहिती होती, हे आता वाचकांच्या लक्षात येईल.

हे सर्व आपोआप होत नाही. त्यावर जनुकांचे नियंत्रण असते. २००५ साली धानाच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले. अनेक देशांच्या त्या प्रकल्पात भारताचाही वाटा होता. धानात ३७ हजारांहून अधिक जनुके असल्याचे तेव्हा दिसले. ही सगळी जनुके झाडाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात, मुळात, पानात आणि दाण्यातही. मुळाचे मूळ होते आणि पानाचे पान, ते कोणती जनुके चालू आणि कोणती बंद, यावरून. चालू-बंद करणारीही काही जनुकेच असतात. घरातील दिव्यांना जशी बटणे, तशी ही नियामक जनुके. 'नॅक' आणि 'डब्ल्यूआरकेवाय' नावाची त्यांची दोन मोठी घराणी शास्त्रज्ञांनी ओळखली आहेत. पान म्हातारे होऊ लागले की अशा नियामकांच्या हुकमाने हजारो जनुकांचे काम बदलते.

आता तहानेचे पाहू. मुळाला पाणी कमी पडले की झाडात अ‍ॅबसिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते. पानावरील सूक्ष्म तोंडे, म्हणजे पर्णरंध्रे, मिटतात. पाणी वाचते, पण हवाही आत येत नाही आणि अन्न तयार होणे मंदावते. दोन दिवसांत पाणी मिळाले तर पान सावरते. पाणी मिळालेच नाही, तर तोच निरोप म्हातारपणाच्या बटणांपर्यंत जातो. दुसरीकडे पानाला तरुण ठेवणारे सायटोकायनिन नावाचे संप्रेरक कमी पडू लागते. झाड जणू ठरवते की सगळी पाने जगविणे आता परवडत नाही, जुनी सोडून द्यावीत आणि जेवढे दाणे भरता येतील तेवढे भरावेत. वयाने जे काम महिनाभराने व्हायचे, ते तहानेने आठ-दहा दिवसांत उरकले जाते. दाणा पोचट राहतो तो यामुळे.

म्हणजे नहराजवळच्या बांधीतले आणि वरच्या बांधीतले धान जन्माने वेगळे नव्हते. जनुके तीच होती. एकाला पाणी मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाही, म्हणून बटणे वेगळी दाबली गेली.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. माणसाची लायकी त्याच्या जन्मातच ठरलेली असते, असे सांगणाऱ्या व्यवस्थेने आपल्याला हजारो वर्षे खालच्या बांधाला ठेवले. आता तीच व्यवस्था कधी कधी 'जीन्स' हा शब्द वापरून तेच बोलते. 'त्यांच्या रक्तातच नाही' असे म्हणणारे सुशिक्षित लोक आपण रोज ऐकतो. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात बाबासाहेबांनी जातीला वंशशुद्धीचा आधार देऊ पाहणाऱ्यांचा समाचार शास्त्राच्याच कसोटीवर घेतला होता. धानाचे नियम माणसाच्या समाजाला जसेच्या तसे लावावेत असे मी म्हणत नाही. तो मूर्खपणा होईल. पण जनुक म्हणजे कपाळावरची रेषा आहे, असे सांगणाऱ्याला एवढे तरी विचारता येईल की बाबा रे, धानाच्या एका पानाचेही भविष्य नुसत्या जनुकाने ठरत नाही, पाण्याने, खताने आणि उजेडाने ते बदलते, मग माणसाचे कसे ठरेल?

धम्मपदाच्या मलवग्गात वृद्धत्वाला पिवळ्या पानाची उपमा दिलेली आहे. सर्व संस्कार अनित्य आहेत, पान एक दिवस पिवळे पडणारच. पण तथागतांनी प्रतीत्यसमुत्पादही शिकविला. जे घडते त्याला कारण असते आणि ते शोधता येते. वयाने पिकलेले पान आणि तहानेने मारलेले पान यांत फरक करणे, ही धम्माला धरूनच गोष्ट आहे.

रंगावरून लगेच निष्कर्ष काढू नये, हेही हेच विज्ञान शिकवते. १८६६ साली मेंडेलने वाटाण्याच्या हिरव्या आणि पिवळ्या दाण्यांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्या हिरव्या दाण्यामागचे जनुक कोणते, ते २००७ मध्ये सापडले. हरितद्रव्य मोडण्याच्या कामातील ते जनुक निघाले. ते बिघडले की दाणा हिरवाच राहतो. धानातही त्याचा भाऊबंद आहे. तो बिघडला तर पान शेवटपर्यंत हिरवे दिसते, पण आतली अन्न तयार करण्याची ताकद मात्र गेलेली असते. हिरवे दिसते म्हणून काम करते असे नाही. आपल्या राजकारणात निळा रंग लावून फिरणाऱ्या काही पुढाऱ्यांची आठवण येथे कोणाला झाली, तर माझा नाइलाज आहे.

या ज्ञानाचा शेतकऱ्याला उपयोग काय? २०१४ साली चिनी शास्त्रज्ञांनी धानातील 'ओएसनॅप' या नियामक जनुकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे काम कमी केल्यावर पान उशिरा म्हातारे झाले, दाणा भरायला जास्त वेळ मिळाला आणि प्रयोगातील वाणांचे उत्पादन सहा ते दहा टक्के वाढले. पण लगेच टाळ्या वाजवू नयेत. २००६ मध्ये गव्हातील अशाच एका 'नॅक' घराण्यातील जनुकांवर संशोधन झाले. त्यांचे काम दाबल्यावर पान तीन आठवड्यांहून अधिक काळ हिरवे राहिले, परंतु दाण्यातील प्रथिने, जस्त आणि लोह तीस टक्क्यांहून अधिक घटले. पान वेळेवर रिकामे झाले नाही तर दाण्याला पोषण कोठून मिळणार? ज्या वस्तीत बाळंतिणीच्या रक्तात लोह कमी आहे आणि ताटात भाताशिवाय फारसे काही नाही, त्या वस्तीला पोते जास्त मिळाले आणि भातातले पोषण घटले, तर तो फायदा कोणाचा? म्हणून नवीन वाण आले की 'एकरी किती' एवढेच विचारू नका. 'दाण्यात काय' हेही विचारा.

दुसरे उदाहरण आपल्या जखमेजवळचे आहे. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहरासह नदीकाठची गावे बुडाली. धान पाण्याखाली गेले. धान पाण्यात उभे राहणारे पीक असले तरी पूर्ण बुडाले की गुदमरते. वर येण्यासाठी ते उंच वाढू पाहते, त्यात साठा संपतो आणि पाणी ओसरल्यावर कोलमडते. मात्र ओडिशातील एका जुन्या धानात 'सब-१ए' नावाचे जनुक आहे. बुडताच ते झाडाची वाढ थांबविते, साठा राखून ठेवते आणि पाने लवकर म्हातारी होऊ देत नाही. हे जनुक २००६ साली ओळखले गेले. ते संकराने स्वर्णा या वाणात आणून 'स्वर्णा-सब-१' हे धान २००९ साली भारतात प्रसारित झाले. ते सुमारे दोन आठवडे बुडून राहिले तरी सावरू शकते.

हे जनुक प्रयोगशाळेत जन्मले नाही. ओडिशाच्या पूरग्रस्त शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बुडूनही वाचलेल्या धानाचे बी राखले, म्हणून ते शास्त्रज्ञाच्या हाती लागले. शास्त्रज्ञाचे कष्ट मी कमी लेखत नाही. पण प्रबंधावर त्याचे नाव असते आणि बी राखणाऱ्या बाईचे नाव कोठेच नसते.

हे दूरचे वाटत असेल तर शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात या. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे. दलित समाजातला, जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेला, दीड एकराचा शेतकरी. १९८३ साली आपल्या धानात त्यांना काही वेगळ्याच पिवळसर लोंब्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या विळ्याखाली घातल्या असत्या. दादाजींनी त्या वेगळ्या ठेवल्या, पुढच्या वर्षी पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. त्यातून बारीक, चवदार तांदळाचा वाण तयार झाला. व्यापाऱ्यांनी त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून 'एचएमटी' हे नाव दिले. आज आपण दुकानात जाऊन ऐटीत मागतो तो हा तांदूळ. १९९४ साली कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्राने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ साली 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने वाण प्रसारित झाला. विद्यापीठाचे म्हणणे असे की आम्ही ते बियाणे शुद्ध केले. केले असेल. पण ज्याच्या डोळ्यांनी ती लोंबी पहिल्यांदा ओळखली, त्याला त्या वाणाचा मोबदला मिळाला नाही. पुरस्कार मिळाले, २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते गौरव झाला, पण ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले ते आजाराशी आणि पैशाच्या चणचणीशी झगडतच. एकलव्याचा अंगठा कापल्याची कथा आपण भाषणात सांगतो. दादाजींची कथा मात्र भाषणात फारशी येत नाही.

आता नवा टप्पा सुरू झाला आहे. ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुक-संपादन केलेले दोन धानवाण जाहीर केले. हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेचा 'डीआरआर धान १००' म्हणजेच 'कमला' आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा 'पुसा डीएसटी राईस १'. दुसरा वाण एमटीयू १०१० या, आपल्या धानपट्ट्यातही ओळखीच्या असलेल्या धानापासून केलेला आहे. त्यात पर्णरंध्रांवर ताबा ठेवणाऱ्या 'डीएसटी' या नियामक जनुकात बदल केला आहे. हेतू असा की दुष्काळात व खारपट जमिनीत झाडाने पाणी राखावे. 'कमला'मध्ये सायटोकायनिन मोडणाऱ्या जनुकात बदल करून दाण्यांची संख्या वाढविली आहे. बाहेरचे जनुक या वाणांत ठेवलेले नाही. अशा प्रकारच्या संपादनाला केंद्र सरकारने ३० मार्च २०२२ च्या आदेशाने जनुक-परावर्तित पिकांच्या कडक नियमांतून सूट दिलेली आहे.

मी या विज्ञानाच्या विरोधात नाही. विज्ञानाला घाबरणे हा आपला वारसा नव्हे. पण विज्ञान आपल्या बांधीत येताना कोणत्या अटींवर येते, हे विचारणे हा आपला वारसा आहे. जनुक कापण्याच्या या कात्रीची प्रमुख पेटंटे परदेशी विद्यापीठांकडे व संस्थांकडे आहेत. उद्या त्याचा भार बियाण्याच्या किमतीवर पडणार काय? ऑक्टोबरच्या शेवटच्या पाण्याशिवाय हे धान आपल्या मातीत किती दिवस तग धरते, याच्या चाचण्या येथे, शेतकऱ्यांसमोर होणार काय? हे प्रश्न ग्रामसभेत विचारले गेले पाहिजेत.

कायदा काय म्हणतो तेही कार्यकर्त्यांनी पाठ करावे. २००१ चा वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. कलम ३९ नुसार शेतकरी नोंदणीकृत वाणाचेही बी राखू शकतो, पुन्हा पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो आणि विकूही शकतो. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. स्वतः विकसित केलेल्या वाणाची नोंदणी तो पैदासकाराप्रमाणेच करू शकतो. नोंदणीकृत वाणाचे बियाणे सांगितल्याप्रमाणे निघाले नाही, तर भरपाई मागण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. कलम ४० नुसार वाण नोंदविणाऱ्याने आदिवासी वा ग्रामीण कुटुंबांनी जतन केलेल्या बियाण्याचा उपयोग केला असेल, तर तो उघड करावा लागतो. कलम ४१ नुसार एखाद्या वाणाच्या जडणघडणीत गावाचा वाटा असेल, तर गावाच्या वतीने कोणतीही व्यक्ती वा संस्था दावा दाखल करू शकते. कलम ४४ प्रमाणे शेतकऱ्याला या कायद्याखालील कामकाजाची फी माफ आहे. दादाजींनी लोंबी निवडली तेव्हा हा कायदा नव्हता. आज आहे. आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तपासणीसाठी त्याने बी बाजूला ठेवले नाही म्हणून त्याचा दावा फेटाळता येत नाही.

पण कायद्याला पुरावा लागतो आणि पुरावा शेतात तयार होतो. म्हणून बिल आणि थैली जपून ठेवा. पान पिवळे पडू लागले की तारीख लिहा. आधी खालचे की वरचे, टोकापासून की शिरांमधून, एकाच बांधीत की सगळीकडे, शेवटचे पाणी केव्हा मिळाले, हे वहीत नोंदवा. फोटो काढा. कृषी अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गावातल्या बुद्धविहारात रविवारी वंदना होते. तेथेच शाळा-कॉलेजात विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलांनी ही वही भरून द्यावी. रोवणी आणि निंदण करणाऱ्या बायांना आधी विचारावे, कारण पान सर्वांत आधी त्यांनाच दिसते.

त्या शेतकऱ्याच्या पत्नीने मला सांगितले होते की बी एकच होते. आज मला वाटते, त्या प्रकरणात दोष बहुधा बियाण्याचा नव्हता, पाण्याचा होता. आम्ही दुकानदारावर केस टाकायला निघालो होतो. खरा प्रश्न वरच्या बांधीला नहराचे पाणी का पोहोचत नाही हा होता आणि तो कोणाला विचारायचा, हेच आम्हांला सुचले नव्हते. कारण कळले तरच जबाबदार कोण ते कळते. नशिबावर दावा लावता येत नाही. पाणी न देणाऱ्यावर लावता येतो.

जयभीम.